भूकंप आणि ज्वालामुखी : निमित्त कोणते, उपादान कोणते?

जैन समाजाच्या दोन प्राचीन तीर्थांचा भूगर्भाशी असलेला संबंध परस्परांहून अगदी निराळा आहे. भगवान नेमिनाथांच्या निर्वाणाने पावन झालेला गिरनार हा अग्निजन्य पर्वत होय. कोट्यवधी वर्षांपूर्वी भूगर्भातून वर चढलेला वितळलेला खडक पृष्ठभागापर्यंत न पोहोचता आतच थिजला. वरचे आवरण पुढे ऊनपावसाने झिजून गेले आणि तोच कठीण खडक पर्वतरूपाने उघडा पडला. आज त्या पर्वतात धगीचा लवलेशही उरलेला नाही. कच्छमधील भद्रेश्वर तीर्थाची कथा वेगळी आहे. दुष्काळात धान्याची कोठारे खुली करणाऱ्या जगडूशा शेठजींच्या नावाशी जोडलेले हे तीर्थ २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात फार मोठ्या प्रमाणावर उद्ध्वस्त झाले आणि पुढे नव्याने उभारावे लागले. त्या भूकंपाने सुमारे वीस हजार माणसांचे प्राण घेतले. परंतु त्या दिवशी कच्छमध्ये कोठेही ज्वालामुखी जागा झाला नाही.

एका तीर्थात अग्नी होऊन गेला, दुसऱ्यात कंप येऊन गेला. सामान्य माणसाच्या मनात मात्र ही दोन्ही संकटे एकाच माळेत ओवलेली असतात. जमीन हादरली की “खाली लाव्हारस उकळतो आहे, आता डोंगर फुटणार” अशी कुजबुज सुरू होते. भूकंपामुळे ज्वालामुखी होतो काय? ज्वालामुखीमुळे भूकंप होतो काय? की दोहोंचा काहीच संबंध नाही? या प्रश्नांचे उत्तर शोधताना जैन तत्त्वविचारातील एक परिचित भेद फार उपयोगी पडतो. तो म्हणजे निमित्त आणि उपादान यांतील भेद. घट मातीतून होतो, म्हणून माती हे उपादान. कुंभार, चाक आणि दंड ही निमित्ते. वाळूपुढे कितीही कुशल कुंभार बसला तरी घट होणार नाही. हा दृष्टांत मनाशी धरून पृथ्वीकडे पाहिले की पुष्कळ गोंधळ दूर होतो.

पृथ्वीच्या पोटात काय आहे?

पायाखाली काही किलोमीटरांवर अग्निरसाचा समुद्र उसळत आहे, ही समजूत सार्वत्रिक असली तरी खरी नाही. पृथ्वीचे सर्वांत वरचे कवच खंडांखाली साधारणपणे तीस ते पन्नास किलोमीटर आणि महासागरांखाली सुमारे सात किलोमीटर जाडीचे आहे. त्याखाली जवळजवळ २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत प्रावरण नावाचा थर आहे. तो अत्यंत तप्त असला तरी बहुतांशी घनच आहे. डांबराचा गोळा हातोडीने फोडला तर फुटतो, पण तसाच ठेवून दिला तर काळाच्या ओघात पसरत जातो. प्रावरणाचा खडकही तसाच लक्षावधी वर्षांच्या हिशेबाने हळूहळू वाहतो. आतली उष्णता बाहेर पडण्याची ही पृथ्वीची रीत आहे.

वरचे कवच आणि त्याला चिकटलेला प्रावरणाचा ताठर भाग मिळून जे शिलावरण बनते, ते अखंड नाही. त्याचे लहानमोठे तुकडे झालेले आहेत. त्यांना भूपट्ट म्हणतात. हे भूपट्ट वर्षाला काही सेंटीमीटर, म्हणजे माणसाची नखे वाढावीत इतक्या संथ गतीने सरकत असतात. भारताचा भूपट्ट उत्तरेकडे सरकत आशियाला रेटतो आहे आणि त्या रेट्यातूनच हिमालय उभा राहिला आहे. कोठे दोन भूपट्ट एकमेकांवर आदळतात, कोठे एकमेकांपासून दूर जातात, तर कोठे एकमेकांना घासत बाजूने जातात. जगातील बहुतेक भूकंप आणि बहुतेक ज्वालामुखी या सीमांवरच आढळतात. दोघांचे मूळ कारण एक आहे ते येथे.

भूकंप : थकलेल्या येण्याची एकदम वसुली

भूपट्ट सरकत असले तरी त्यांच्या कडा सहज सरकत नाहीत. खडकाला खडक अडतो. मागून रेटा चालूच असतो. त्यामुळे अडलेल्या ठिकाणी खडक किंचित वाकतो आणि त्यात ताण साठू लागतो. व्यापाऱ्याला हे उदाहरण देऊन समजावण्याची गरज नाही. एखाद्या खात्यावर वर्षानुवर्षे येणे थकत जावे, खतावणीत आकडा वाढत जावा आणि एके दिवशी सारी वसुली एकदम व्हावी, तसे येथे घडते. अडलेल्या भेगेची सहनशक्ती संपली की दोन्ही बाजूंचे खडक क्षणार्धात सरकतात आणि साठलेली ऊर्जा लाटांच्या रूपाने चहूकडे धावते. त्या लाटा म्हणजे भूकंप. अशा भेगेला प्रस्तरभंग म्हणतात. १९०६ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपानंतर कुंपणे आणि रस्ते जागचे कित्येक फूट सरकलेले दिसले, तेव्हा ही प्रक्रिया शास्त्रज्ञांच्या नीट ध्यानात आली.

भूकंपाच्या प्रतीचा हिशेबही समजून घेण्याजोगा आहे. प्रत एक अंकाने वाढली की बाहेर पडणारी ऊर्जा दुप्पट नव्हे, तर सुमारे बत्तीस पट होते. दोन अंकांनी वाढली की हजार पट. म्हणून ६.२ आणि ७.७ या आकड्यांत दीडच अंकाचे अंतर दिसत असले तरी ऊर्जेत दीडशे पटींहून अधिक अंतर असते.

ज्वालामुखी : खडक वितळतो कसा?

प्रावरण घन आहे असे म्हटले, तर मग शिलारस येतो कोठून? त्याचे उत्तर स्वयंपाकघरात सापडते. कुकरमध्ये दाब असेपर्यंत पाणी शंभर अंशांवरही उकळत नाही. दाब उतरला की उकळते. खडकाचेही असेच आहे. खोलवरचा खडक वितळण्याइतका तप्त असतो, परंतु वरच्या प्रचंड दाबामुळे तो घन राहतो. जेथे भूपट्ट एकमेकांपासून दूर जातात तेथे खालचा खडक वर येऊ लागतो, त्याच्यावरील दाब घटतो आणि त्याचा काही अंश वितळतो. आइसलँडची भूमी अशा सीमेवर वसलेली आहे. शिवाय तिच्याखाली प्रावरणातून अधिक तप्त खडकही वर येतो.

दुसरा मार्ग पाण्याचा. बर्फावर मीठ टाकले की तो शून्याखालीही वितळतो. तसेच तप्त खडकात पाणी मिसळले की तो कमी तापमानाला वितळू लागतो. महासागराचा तळ जेव्हा खंडाखाली घसरत जातो, तेव्हा तो आपल्याबरोबर खनिजांत बांधलेले पाणीही नेतो. सुमारे शंभर किलोमीटर खोलीवर ते पाणी सुटून वरच्या खडकात शिरते आणि तेथे शिलारस तयार होतो. जपान, इंडोनेशिया, फिलिपिन्स आणि चिली येथील ज्वालामुखी या प्रकारचे आहेत. तिसरा मार्ग म्हणजे प्रावरणातून एका ठिकाणी सतत वर येणारा अतितप्त खडकाचा स्तंभ. हवाई बेटे कोणत्याही भूपट्टाच्या सीमेपासून तीन हजार किलोमीटरांहून अधिक दूर असूनही तेथे ज्वालामुखी धगधगतात, ते यामुळे.

आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात. पॅसिफिक महासागराभोवती सुमारे चाळीस हजार किलोमीटर लांबीचे अग्निकंकण आहे. जगातील तीन चतुर्थांश ज्वालामुखी आणि सुमारे नव्वद टक्के भूकंप या कंकणात होतात. तेथे महासागराचा तळ खंडांखाली घसरतो. घसरताना तो अडतो, त्यातून भूकंप होतात. खोल गेल्यावर पाणी सोडतो, त्यातून ज्वालामुखी होतात. एकाच हालचालीची ही दोन फळे आहेत. उलट हिमालयात भूकंप प्रचंड होतात. १९३४ चा बिहार-नेपाळचा आणि १५ ऑगस्ट १९५० चा आसामचा भूकंप सर्वश्रुत आहेत. परंतु हिमालयाच्या रांगेत जिवंत ज्वालामुखी नाहीत. कारण तेथे आता महासागराचा तळ खाली जात नाही. खंडाला खंड भिडलेला आहे. रेटा आहे म्हणून कंप आहे. शिलारस बनवणारी सामग्री नाही म्हणून अग्नी नाही. तेव्हा भूकंप हे ज्वालामुखीचे मूळ कारण नव्हे, हे हिमालयाच्या एका उदाहरणावरूनच सिद्ध होते. ती दोघे एकाच घरातील भावंडे आहेत; पण जेथे एक राहते तेथे दुसरे असेलच असे नाही.

भूकंप निमित्त होऊ शकतो काय?

होऊ शकतो, परंतु निमित्तच. २२ मे १९६० रोजी चिलीमध्ये ९.५ प्रतीचा भूकंप झाला. यंत्रांनी नोंदलेल्या भूकंपांत याहून मोठा दुसरा नाही. त्यानंतर सुमारे अडतीस तासांनी त्याच प्रदेशातील कोर्दोन काउले या ज्वालामुखीचा उद्रेक झाला. एवढे थोडे अंतर पाहता हा केवळ योगायोग मानणे कठीण आहे. परंतु त्याच पर्वतराजीत कितीतरी ज्वालामुखी होते आणि हादरा त्यांनाही बसला होता. त्यांतील बहुतेक स्वस्थ राहिले. ज्याच्या पोटात वायूने भरलेला, दाबाखाली असलेला शिलारस वरपर्यंत येऊन थांबला होता, त्यालाच त्या धक्क्याने वाट मिळाली. सोड्याची बाटली हलवून उघडली तर फसफसते. साध्या पाण्याची बाटली कितीही हलवली तरी काही होत नाही.

जपानच्या फुजी पर्वताचे उदाहरण याहून बोलके आहे. २८ ऑक्टोबर १७०७ रोजी जपानच्या दक्षिण किनाऱ्यावर महाभूकंप झाला आणि एकोणपन्नास दिवसांनी, १६ डिसेंबरला, फुजीचा उद्रेक झाला. त्याची राख एदो नगरावर, म्हणजे आजच्या टोकियोवर, पडली. पुढे ११ मार्च २०११ रोजी जपानला ९ प्रतीचा भूकंप झाला आणि चारच दिवसांनी फुजीच्या दक्षिण पायथ्याजवळ आणखी एक जोरदार धक्का बसला. साऱ्या जपानचे डोळे फुजीकडे लागले. परंतु पर्वत शांत राहिला. पर्वत तोच आणि निमित्तही तसेच बलवान. तरी कार्य घडले नाही, कारण उपादानाची तयारी नव्हती.

भारताच्या हद्दीतही याचा विचार करावा लागतो. अंदमानातील बॅरन बेट हा देशातील एकमेव जागृत ज्वालामुखी. पोर्ट ब्लेअरपासून तो सुमारे १३५ ते १४० किलोमीटरांवर आहे आणि तेथे मनुष्यवस्ती नाही. दीर्घ निद्रेनंतर १९९१ साली तो जागा झाला. २६ डिसेंबर २००४ च्या सुमात्रा भूकंपाने हा सारा प्रदेश हादरला आणि २००५ च्या मे महिन्यात या ज्वालामुखीने पुन्हा राख व लाव्हा ओकण्यास प्रारंभ केला. भूकंपाने त्याला चालना दिली असण्याचा संभव आहे. तथापि तो त्याआधीही, १९९१ आणि १९९५ साली, कोणत्याही महाभूकंपावाचून जागा झालेला होता, हेही विसरता येत नाही. एकामागून दुसरे घडले म्हणजे पहिल्यामुळेच दुसरे घडले, असा निष्कर्ष विवेकी माणूस घाईने काढत नाही.

आता उलट बाजू. ज्वालामुखी भूकंप घडवतो काय? होय, आणि नेहमीच. शिलारस वर चढताना खडक फोडत वाट काढतो. त्यामुळे पर्वताखाली लहान लहान धक्क्यांची रांग लागते. हे धक्के बहुधा मोठी हानी करणारे नसतात. उलट ते संकटाची सूचना देऊन जातात. फिलिपिन्समधील पिनातुबो हा ज्वालामुखी सुमारे पाचशे वर्षे झोपलेला होता. १९९१ च्या वसंतात त्याच्याखाली धक्क्यांची मालिका सुरू झाली, पर्वतातून वाफा फुटू लागल्या आणि वायूचे प्रमाण वाढले. शास्त्रज्ञांनी या खुणा वाचल्या आणि हजारो लोकांना वेळीच हलवण्यात आले. १५ जूनच्या महाउद्रेकातून त्यामुळे निदान पाच हजार प्राण वाचले, असा अंदाज आहे. आइसलँडमधील ग्रिंडाविक हे मासेमारीचे गाव १० नोव्हेंबर २०२३ च्या रात्री अशाच धक्क्यांवरून रिकामे करण्यात आले. उद्रेक १८ डिसेंबरला झाला.

दोन संकटांतील मोठा व्यावहारिक फरक हा आहे. ज्वालामुखी बहुधा येण्याआधी दार ठोठावतो. भूकंप सहसा ठोठावत नाही. अमुक दिवशी, अमुक वाजता, अमुक गावी भूकंप होईल असे सांगण्याचे शास्त्र आज जगात कोणाजवळही नाही. म्हणून मोबाईलवर फिरणारे असे निरोप कोणाच्याही नावाने आले तरी ते पुढे पाठवू नयेत. असत्य पसरवण्याचा दोष आणि भय पसरवण्याचा दोष, दोन्ही त्यात आहेत.

महाराष्ट्राच्या भूमीत काय आहे?

महाराष्ट्राचा बहुतेक भाग ज्वालामुखीनेच घडवला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी येथे भेगांवाटे लाव्हारसाचे लोंढेच्या लोंढे बाहेर पडले आणि एकावर एक थर साचत गेले. सह्याद्रीत या थरांची जाडी कोठे कोठे दोन किलोमीटरांच्या घरात जाते. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भूमी या काळ्या बेसाल्ट खडकाने व्यापलेली आहे. वेरूळची इंद्रसभा आणि इतर जैन लेणी याच खडकात कोरलेली आहेत. मांगीतुंगीची भगवान ऋषभदेवांची १०८ फुटी मूर्तीही याच खडकातून साकारलेली आहे. इतकेच नव्हे, तर हा खडक झिजून काळी कसदार माती झाली आणि त्या मातीत कापूस, तूर आणि ज्वारी पिकली. विदर्भ-मराठवाड्याच्या बाजारपेठांत पिढ्यान् पिढ्या आडत करणाऱ्या घराण्यांची वखारच एका अर्थी त्या पुरातन ज्वालामुखींनी भरलेली आहे.

मग तो अग्नी पुन्हा येथे प्रकटेल काय? तशी भीती बाळगण्याचे कारण नाही. ज्या तप्त स्तंभातून तो लाव्हा आला असे मानले जाते, तो आपल्या जागी राहिला आणि भारताचा भूपट्ट उत्तरेकडे निघून आला. आज तो स्तंभ हिंदी महासागरातील रियुनियन बेटाखाली, मुंबईपासून साडेचार हजार किलोमीटरांहून अधिक दूर आहे आणि तेथील ज्वालामुखी अजूनही वारंवार जागा होतो. वज्रेश्वरी-गणेशपुरीचे गरम पाण्याचे झरे पाहून काहींना शंका येते. परंतु भेगांतून खोल मुरलेले पावसाचे पाणी तेथील उष्णतेने तापून वर येते, एवढाच त्याचा अर्थ आहे.

कंपाच्या बाबतीत मात्र असे निश्चिंत राहता येत नाही. भारताचा भूपट्ट उत्तरेकडे रेटत असल्यामुळे त्याच्या अंतर्भागातील जुन्या भेगांवरही ताण येतो. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयना परिसरात सहाहून अधिक प्रतीचा भूकंप झाला आणि पावणेदोनशेच्या आसपास माणसे दगावली. तेथे धरणाच्या जलाशयातील पाण्याचा भार आणि भेगांत मुरलेल्या पाण्याचा दाब ही निमित्ते ठरली, असे शास्त्रज्ञ मानतात. बेसाल्टखालच्या जुन्या ग्रॅनाइट खडकातील ताणलेल्या भेगा हे उपादान होते. येथेही शिलारसाचा काही संबंध नव्हता.

आणि मग किल्लारी. २९ सप्टेंबर १९९३ हा अनंत चतुर्दशीचा दिवस. दिगंबर समाजाचे दशलक्षण पर्व त्या दिवशी पूर्ण झाले होते, गावोगावी गणपतींचे विसर्जन झाले होते आणि दमलेली माणसे घरात गाढ झोपली होती. ३० सप्टेंबरच्या पहाटे चार वाजण्यास काही मिनिटे असताना ६.२ प्रतीचा भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांतील सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. भूकंपाच्या सरकारी नकाशात तो प्रदेश तेव्हा सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. नकाशा पुढे २००२ साली सुधारण्यात आला.

भिंत हेही उपादानच

किल्लारीच्या शेजारी एक दुसरा आकडा ठेवावा. १७ ऑक्टोबर १९८९ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात ६.९ प्रतीचा भूकंप झाला. किल्लारीपेक्षा त्याची ऊर्जा दहा पटींहून अधिक होती, वस्तीही दाट होती. मृत्यू ६३ झाले. हा फरक केवळ जमिनीने केलेला नाही. तो मुख्यतः घरांनी केला. किल्लारी परिसरातील घरांच्या भिंती दोन-तीन फूट जाडीच्या, गोट्या-दगडांच्या आणि मातीत रचलेल्या होत्या. वर लाकडी तुळया आणि त्यांवर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात ही घरे थंड राहत. परंतु भिंतीचा आतला आणि बाहेरचा थर परस्परांना बांधलेला नसल्यामुळे हादऱ्याने दोन्ही थर विलग झाले आणि छप्पर निजलेल्या माणसांवर कोसळले.

निमित्त-उपादानाचा विचार येथे खऱ्या अर्थाने घरात येतो. इमारत कोसळण्यात भूकंप हे निमित्त असते. न बांधलेली भिंत आणि दुर्बळ खांब हे उपादान. निमित्त थोपवणे मानवाच्या हाती नाही. उपादान सुधारणे मात्र पुष्कळ अंशी त्याच्या हाती आहे.

व्यापारी कुटुंबांनी याकडे विशेष लक्ष देण्याचे कारण त्यांच्या राहणीतच आहे. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड ही जुनी पद्धत. दुकान प्रशस्त दिसावे म्हणून तळमजल्याची आधारभिंत काढली जाते, खांब तासला जातो, समोर सलग शटर बसते आणि वर एकेक मजला चढत जातो. वरचे मजले भिंतींनी ताठ आणि खालचा मजला केवळ बारीक खांबांवर, अशी इमारत हादऱ्यात खालूनच बसते. २००१ च्या भूकंपाचे केंद्र दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर असताना अहमदाबादमध्ये अनेक बहुमजली इमारती कोसळल्या. तळमजला वाहनांसाठी मोकळा सोडल्याने आलेला दुबळेपणा त्यांत ठळकपणे दिसून आला. म्हणून स्थापत्य अभियंत्याच्या सल्ल्यावाचून एकही भिंत काढू नये आणि एकही मजला वाढवू नये. जुन्या दगडी वाड्यात भिंतीच्या दोन्ही अंगांना धरून ठेवणारे लांब आरपार दगड बसवणे, दाराखिडक्यांच्या वर सर्व भिंतींवरून फिरणारा सलग काँक्रीटचा पट्टा घालणे, छपरावरील मातीचा भार उतरवणे, ही कामे घर पाडल्यावाचूनही होऊ शकतात.

वखारीत पोत्यांच्या थप्प्या बेताच्या उंचीच्या असाव्यात आणि येण्याजाण्याची वाट मोकळी असावी. मालाचे घोडे, उंच कपाटे आणि तिजोऱ्या भिंतीला पक्क्या जखडाव्यात. झोपण्याच्या जागी डोक्यावर जड फळी नसावी. आगीच्या विमापत्रात भूकंपाचा समावेश आहे किंवा नाही हे वाचून घ्यावे, आणि हिशेबाची एक प्रत दुसऱ्या गावी सुरक्षित ठेवावी. मंदिरांच्या विश्वस्तांनी ज्ञानभांडारातील कपाटे, जड घंटा आणि झुंबरे यांची बांधणी तपासावी. पर्वकाळात जेथे शेकडो श्रावक-श्राविका एकत्र बसतात त्या सभागृहाची तपासणी तर आधी करून घ्यावी.

प्रत्यक्ष हादरा बसत असताना जिन्याकडे धावू नये, लिफ्ट वापरू नये. भक्कम मेजाखाली बसून डोके झाकावे आणि मेजाचा पाय घट्ट धरावा. मात्र जुन्या दगड-मातीच्या घरात दाराशेजारी असल्यास तत्काळ मोकळ्या जागेत जाणेच इष्ट. कंप थांबल्यावर प्रथम गॅस आणि वीज बंद करावी, दिवा किंवा काडी पेटवू नये आणि तडे गेलेल्या घरात लगेच परत जाऊ नये; मागाहून येणारे धक्के उरलेले पाडून टाकतात.

किल्लारीनंतर भारतीय जैन संघटनेने त्या परिसरातील सुमारे १२०० मुलांना पुण्यास आणून त्यांच्या शिक्षणाची आणि संगोपनाची जबाबदारी घेतली. कच्छच्या भूकंपानंतरही मुलांची शाळा सुटू नये म्हणून समाजाने शाळा उभारण्याच्या कामात मोठा हात दिला. ही करुणा समाजाला भूषणावह आहे. परंतु आपत्तीनंतर दान देणे ही धर्माची एक बाजू झाली. आपत्तीआधी सावध राहणे ही दुसरी. चालताना, बोलताना, वस्तू उचलता-ठेवताना जी यतना सांगितली आहे, तिचा विस्तार घर बांधण्यापर्यंत करण्यास काहीच हरकत नसावी. आपल्या हलगर्जीपणाने उभारलेली भिंत उद्या कोणावर कोसळली तर ती हिंसा केवळ जमिनीच्या माथी मारता येणार नाही.

जुन्या वाड्यावर नवा मजला चढवण्याचा विचार ज्या घरात चालू असेल, त्या घराने मुहूर्त पाहण्याआधी अभियंत्यास बोलवावे आणि पायापासून खांबांपर्यंत सर्व तपासून घ्यावे.